बहिणीला आणायला गेलो आणि लिलावात बसलो

२०२३ साल होतं आणि मी चौऱ्याहत्तरचा होतो. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, आणि माझी बहीण आली नाही.

ही हकिकत लिहायला बसलो, कारण आमच्या गावात जो भेटेल तो विचारतो, "नाना, मिशनमध्ये काय पाहिलं?" तोंडाने सांगायला लागलो की अर्धे लोक मधेच आपलं घुसडतात. कागदावर कोणाला मधे बोलता येत नाही. मी चौथीपर्यंत शिकलो. अक्षर मोठं आहे, पण वाचता येतं.

सुमन माझ्याहून पाच वर्षांनी लहान. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. तेव्हापासून ती धुळे जिल्ह्यात, पार साक्रीच्या पुढे, मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये स्वयंपाकाला आहे. तीस वर्षं तरी झाली. दर भाऊबीजेला ती मुक्ताईनगरला यायची, म्हणून मी कधी तिकडे गेलो नाही. यंदा तिचा फोनच आला.

"भाऊ, येणं व्हत नाही. इकडे हंगामाचा सण आहे. परदेशातून येणारा पैसा बंद झाला. आता सणाच्या लिलावात वर्षाच्या धान्यापुरतं जमलं तर बोर्डिंग चालेल. नाही तर पोरी आपापल्या घरी, आणि मी माझ्या."

मी खोटं बोलणार नाही. मला आनंद झाला. बायको जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा पुण्याला, आणि मी खानावळीच्या डब्यावर. त्या डब्यातल्या डाळीत तोंड दिसतं. म्हटलं, परदेशी पैसा गेला तर मिशन किती दिवस टिकणार? सुमन घरी येईल, तिच्या हातची कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकरी मिळेल, घरात कोणीतरी मला ओरडायला असेल. तिची पेटी, भांडीकुंडी आणायला परतीची जीप करावी लागणार, म्हणून बनियनच्या खिशात पैसे शिवून घेतले, आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून बागेतला केळीचा एक घड तोडला. असा घड की येणाऱ्याजाणाऱ्याने थांबून बघावं.

धुळ्यापर्यंत

घड एसटीत नेणं सोपं नसतं हे मला ठाऊक होतं, पण कंडक्टरला ते जास्त ठाऊक होतं.

"बाबा, याचं लगेज तिकीट लागेल."

"काबरं? मांडीवर घेतो ना."

"मांडीवर? तो तुमच्यापेक्षा जाड आहे!"

सगळी गाडी हसली. तिकीट मी काढलं, पण अर्धंच पाहिजे असं म्हणत एरंडोलपर्यंत भांडलो. एरंडोलला कंडक्टर म्हणाला, "बाबा, तुमचं बरोबर आहे, पण आता गप बसा." बरोबर आहे म्हटल्यावर मी गप बसलो. पैसे काही परत मिळाले नाहीत.

रस्ता आता असा रुंद झाला आहे की पूर्वीची गावं दिसतच नाहीत, वरून पूल जातो. एरंडोलपर्यंत दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापूस फुटलेला. पारोळ्याच्या पुढे जमीन हलकी होत जाते. केळी कुठे दिसेना. केळीशिवाय लोक जगतात कसे, असं मनात आलं. सगळं आयुष्य केळीत गेलेल्या माणसाला असं वाटणारच.

धुळ्याला स्टँडबाहेर शेवभाजी खाल्ली. तर्री चांगली लाल होती, पण शेव जाड. आमच्याकडे एवढी जाड शेव कोणी भाजीत घालत नाही. मालकाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, धुळ्यात येऊन धुळ्याचीच शेव खावी लागते." पोळ्या मात्र त्याने मागितल्याशिवाय वाढल्या. माणूस बरा होता.

इथेच घात झाला. जेवताना घड मी बाहेर खांबाला टेकून ठेवला होता. एका रिक्षावाल्याने रिक्षा मागे घेताना त्याला दाबलं. दोन फण्या काळ्या पडल्या. रिक्षावाल्याला मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

फाट्यावरून आत

साक्रीच्या पुढे हवा बदलते. डोंगर जवळ येतात, भाताची कापणी झालेली, खळ्यावर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, ढीग. भाषाही बदलते. फाट्यावर उतरलो तर एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोठे जाई ऱ्हायनात, नाना?" मिशनचं नाव घेतलं तर तो म्हणाला, "अक्काकडे? मंग माल उचला, मी दावस." घडाचं एक टोक त्यानेच खांद्यावर घेतलं.

माझी बहीण इकडे सगळ्या गावाची अक्का आहे हे मला तिथे कळलं. आमच्या घरी तिला कोणी अक्का म्हणत नाही. धाकटी म्हणून सगळे सुमेच म्हणतात.

मिशन म्हणजे मी मोठा बंगला समजलो होतो. निघालं एक दगडी चर्च, वर लहानशी घंटा, बाजूला कौलारू बोर्डिंग, मागे स्वयंपाकघर. भिंतींना ओल आलेली. सुमन दारात उभी होती, पदर कमरेला खोचलेला.

"आलास? एकटा नाही आलास, घड पण आणला!"

"तुले न्यायला आलो."

"आधी पाणी पी," ती म्हणाली.

रात्रीच्या जेवणात नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. नागलीची भाकरी काळी दिसते, म्हणून मी जरा लांबूनच बघत होतो. पण उडदाच्या डाळीत कुस्करली की आपल्या कळण्याच्या भाकरीला मागे सारेल अशी. हे मी सुमनला बोललो नाही. पोरी ओळीने बसल्या, डोळे मिटून प्रार्थना केली, मग जेवल्या. प्रार्थनेचा शेवट होईपर्यंत एकीनेही भाकरीला हात लावला नाही. आमच्या घरी असं असतं तर माझा मुलगा जाडा झाला नसता.

मी सुमनला सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही. "तुले बाटवलं का यांनी?"

ती हसली. "भाऊ, पहिल्या वर्षी एकदा विचारलं होतं. मी नाही म्हटलं. मग विचारलं, डाळीत मीठ बरोबर आहे का. तेव्हापासून मिठाचंच विचारतात. येशूची गाणी मला बठ्ठी पाठ आहेत. आणि घरी आले की मुक्ताईच्या देवळात जाते. तुला काही अडचण?"

मला काही अडचण नव्हती. पण ती 'सगळी' न म्हणता 'बठ्ठी' म्हणाली, ते मला खटकलं. आमच्यातली बोलायची ढब तिची सुटत चालली होती.

योहान मास्तर

मंडळीचा, म्हणजे या चर्चच्या लोकांचा, खजिनदार म्हणजे योहान मास्तर, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला. सडपातळ, चष्म्याला दोरी. शनिवारी सकाळी तो मांडव घालत होता. मी बाकावर बसून त्याला बांबू कुठे पुरायचे ते सांगत होतो.

"मास्तर," मी म्हटलं, "गोऱ्या लोकांकडे काय कमी? डॉलरच्या राशी असतील. हात आखडता का घेतला?"

त्याने बांबू खाली ठेवला. "नाना, आम्हीही लहानपणापासून असंच समजत होतो. शेवटचा गोरा पाद्री इथून गेला तेव्हा मी शाळेत होतो. पैसा मात्र येत राहिला. शाळा, बोर्डिंग, पूर्वी एक दवाखाना होता, सगळं त्यावर. आम्हाला वाटायचं तिकडे खजिना आहे. मागल्या वर्षी त्या संस्थेच्या दोन म्हाताऱ्या इकडे आल्या. पैसा बंद होणार हे पत्राने कळवणं त्यांना बरं वाटलं नाही, म्हणून स्वतः आल्या. विमानाचं भाडं त्यांनी स्वतःच्या खिशातून भरलेलं."

सुमन तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "त्यातली एक माझ्या स्वयंपाकघरात खाली बसली, भाऊ. स्वेटरला कोपरावर ठिगळ. मला वाटलं होतं मेमसाहेब येतील. ती तर माझ्यापेक्षा गरीब दिसे."

मास्तर म्हणाला, "तिकडे त्यांच्या चर्चमधल्या बाया घरी मुरंबे करतात, केक करतात, विणकाम करतात, विकतात आणि तो पैसा इकडे पाठवतात. इतकी वर्षं आमच्या पोरी त्यावर जेवल्या. आता त्या बाया म्हाताऱ्या झाल्या, बऱ्याच गेल्या, नवीन कोणी येत नाही. त्यांची चर्चची इमारतसुद्धा विकावी लागली."

माझ्या डोक्यात मिशन म्हणजे बँक होती. ठिगळाचा स्वेटर त्यात कुठे बसेना.

मग मास्तराने जे सांगितलं त्याने मात्र माझं डोकं फिरलं. लिलावात जे जमेल त्यातला दहावा हिस्सा आधी बाजूला काढायचा, आणि तो यांच्यासाठी नाही. तो बाहेर पाठवायचा. डोंगरातल्या पाड्यांवर एक नर्सबाई फिरते तिला, आणि ओडिशाकडे कुठे एक मिशन आहे, तिथे.

"स्वतःचं मडकं रिकामं आणि दुसऱ्याला वाढता?" मी ओरडलोच. "आधी घरचं बघा! धान्याला कमी पडलं तर?"

"तर कमी पडेल," मास्तर म्हणाला. "पण नुसतं घेतच राहिलो तर आम्ही मंडळी कसली? मग आम्ही गिऱ्हाईक झालो."

हट्टी माणूस. मला हट्टी माणसं आवडत नाहीत, घरात एक पुरे असतो. पण मनात म्हटलं, चांगलं आहे, दहावा हिस्सा जाणार म्हणजे धान्याला नक्की कमी पडणार, आणि सोमवारी सुमन माझ्याबरोबर जीपमध्ये. बाकावरून उठून मी स्वतः दोन बांबू पुरले.

रविवार

सकाळी लोक पाड्यांवरून येऊ लागले. डोक्यावर नागलीच्या पाट्या, भाताच्या पेंढ्या, भोपळे, काकड्या, भुईमूग, मधाची बाटली, पाय बांधलेल्या कोंबड्या. ढोलकी आणि टाळ वाजवत सगळं चर्चमध्ये नेलं आणि समोर रचलं. देवाला पहिलं पीक. आपण नवीन धान्य देव्हाऱ्यापुढे ठेवतो तसंच, फक्त ते इकडे गाणं म्हणत बाजारासारखं रचतात. माझा घडही त्यात ठेवला. काळ्या फण्या मी भिंतीकडे वळवून ठेवल्या.

प्रार्थना झाल्यावर मांडवात लिलाव. बोली बोलवायला योहान मास्तरच. चर्चमध्ये हळू बोलणारा माणूस मांडवात असा ओरडला की माझ्याशेजारची कोंबडी फडफडली.

पहिलं निघालं एक अंडं. एकच. दहा, वीस, पन्नास करत दोनशेला गेलं. मी म्हटलं, अंड्याला दोनशे? ज्याने घेतलं त्याने पैसे भरले, अंडं हातात घेतलं आणि म्हणाला, "परत मंडळीला." मास्तराने तेच अंडं पुन्हा वर धरलं. पुन्हा बोली. मग तिसऱ्यांदा.

आयुष्यभर मी केळीचे भाव बघितलेत, व्यापाऱ्यांच्या तोंडाला तोंड दिलंय. मला राहवेना. मी उभा राहिलो.

"ओ मास्तर! विकलेला माल पुन्हा विकता? मार्केट यार्डात असं केलं तर परवाना जाईल तुमचा!"

मांडव हसून लोळला. एक म्हातारी म्हणाली, "बसा नाना, आठे असंच ऱ्हास." सुमनने पदर तोंडावर घेतला. मी बसलो, पण हे मला पटलेलं नव्हतं.

दुपारपर्यंत ढीग अर्धा झाला. मास्तराने घाम पुसत सांगितलं, "बंधूंनो, भगिनींनो, खरं सांगतो. आतापर्यंतच्या पैशात पोरी होळीपर्यंतच जेवतील. पुढचं तुम्ही ठरवा." लोकांचे खिसे रिकामे झाले होते, ते दिसत होतं. पोरी एका कडेला बसल्या होत्या. सुमन दाराशी उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, झालं आपलं काम.

मग निघाला माझा घड.

मास्तराने दोघांना धरायला लावून तो वर केला, आणि नेमकी काळी बाजू लोकांकडे.

"मुक्ताईनगरची केळी! बोला!"

"पन्नास," मागून कोणीतरी म्हणालं.

पन्नास! अहो, एका अंड्याला दोनशे आणि माझ्या घडाला पन्नास? माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"साठ," दुसरा म्हणाला, उपकार केल्यासारखा.

"पन्नास-साठ काय लावलंय?" मी उभा राहिलो. "तो घड बागेतला पहिल्या नंबरचा आहे! दोनशे!"

मांडवात एक ट्रॅक्टरवाला होता, पौलस नावाचा, मिश्यावाला. तो हसत म्हणाला, "नाना, मालाला काळे डाग शेतस ना."

"डाग धुळ्याच्या रिक्षाचे! माझ्या बागेचे नाहीत. पाचशे!"

"सातशे," पौलस म्हणाला, निव्वळ मला चिडवायला.

"हजार!"

"नाना," मास्तर म्हणाला, "तुमचाच माल तुम्ही घेताय."

"माझा माल आहे म्हणूनच घेतोय! भाव पडू देणार नाही!"

लोक उभे राहिले. पौलस दोन हजारांवर गेला, मी तीनवर. मधे कोणीतरी ढोलकी वाजवली. शेवटी एक वार, दोन वार, तीन वार, घड पाच हजाराला माझ्या नावावर. बनियनची शिवण दातांनी उसवून मी पैसे दिले. छाती अशी फुगली होती की विचारू नका.

"घरी नेणार का परत मंडळीला?" मास्तराने विचारलं.

एवढ्या लोकांसमोर घड घरी नेऊ का मी? "परत!"

आणि पुन्हा बोली सुरू झाली शंभरापासून. शंभर! ज्या घडाला आत्ता पाच हजार आले त्याला शंभर! मी पुन्हा उभा राहिलो.

दुसऱ्या वेळी माझ्या खिशातले उरलेसुरले गेले. तिसऱ्या वेळी पौलसने मला हाताने खाली बसवलं आणि म्हणाला, "बसा नाना, आते आम्हाले लाज वाटी ऱ्हायनी." तो घड त्याने घेतला, वर भाताची दोन पोती बोलला. मग शेजारच्या पाड्यावरची माणसं आपसात काहीतरी बोलली आणि त्यांनी नागलीची पोती बोलली. एका बाईने कानातलं काढून दिलं. मास्तराने ते परत तिच्या हातात ठेवलं, तर ती रागावली, म्हणून पुन्हा घेतलं. भोपळे तीन-तीनदा विकले गेले. कोंबडी एवढ्यांदा विकली गेली की शेवटी ती झोपली.

घड पोरींना वाटला. काळ्या फण्यासुद्धा खाल्ल्या. गोड होत्या म्हणाल्या. मी म्हटलं होतंच.

संध्याकाळी मास्तराने आधी दहावा हिस्सा काढला. तोही कमी केला नाही. मग उभं राहून सांगितलं की उरलेल्यात वर्षाचं धान्य निघेल, पोरी पुढच्या सणापर्यंत जेवतील, आणि त्यापुढची काळजी पुढच्या वर्षी. पोरींनी अशा टाळ्या वाजवल्या की चर्चवरची कबुतरं उडाली.

सुमन माझ्यासाठी ताट घेऊन आली. शेजारी बसली.

"भाऊ, तुला कळलं का तू काय केलंस?"

"काय केलं? मालाचा भाव राखला."

"मला इथंच ठेवलंस."

मी घास हातात धरून बसलो. खरं तर ते तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. जीपचे पैसे गेले होते, आणि जीपमध्ये बसायला कोणी उरलंही नव्हतं.

"तरी चल," मी म्हटलं. "एसटीने जाऊ. घर रिकामं आहे, सुमे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुझ्या घरात मी एका माणसाची भाकरी करीन. तो चांगला माणूस आहे, भांडखोर आहे, पण एकच आहे. इथे रोज सकाळी एवढी तोंडं माझ्याकडे बघतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत येईन, महिनाभर. तोवर त्या खानावळवाल्याला सांग, डाळ घट्ट कर. तू सांगितलंस तर करेल, तो घाबरतो तुला."

"घाबरतोच," मी म्हटलं.

डाळ थंड झाली होती. ती खाल्ली.

सोमवार

सकाळची पहिली एसटी मी सोडली. अंगणात योहान मास्तर थैली काखोटीला मारून पिंपळनेरच्या बाजारात बाजरी आणायला निघाला होता. मी विचारलं, भाव कसा करता? तो म्हणाला, व्यापारी सांगेल तो देतो, ओळखीचा आहे. मी चप्पल घातली. त्याला सांगितलं, बाजारात तुम्ही तोंड उघडायचं नाही.

दुकानात मी बाजरीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातली मूठ वर काढली, फुंकर मारली, दाणा दाताखाली फोडला. व्यापाऱ्याने मास्तराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा, तुम्ही मिशनचे का?"

"मी अक्काचा भाऊ," मी म्हटलं. "पोरींसाठी घेतोय. आता खरा भाव सांग."